डिझेल फिल्टर पुन्हा पुन्हा चोक होतोय? बाटली ओतण्याआधी फिल्टर कापून बघा

लक्षणं ओळखीची वाटतात का बघा. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. रिकामी असताना सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही. चढ लागला किंवा माल भरला की मात्र दम तुटतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग वाढत नाही, उलट उतरत जातो, आणि शेवटी दोन गिअर खाली येऊन रांगत जावं लागतं. कडेला घेऊन बंद केली, दहा मिनिटं थांबलात आणि पुन्हा सुरू केली, की काही झालंच नव्हतं अशी पळते. नवा डिझेल फिल्टर टाकला की काही आठवडे बरं. मग पुन्हा तेच.

माझ्या जुन्या पिकअपने हे नाटक आठ महिने केलं. इंजिन साधं, यांत्रिक रोटरी पंपाचं, दगा द्यायला इलेक्ट्रॉनिक असं त्यात काहीच नाही. त्या आठ महिन्यांत मी टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतलं, सीटेन (डिझेल किती सहज पेट घेतं त्याचं माप) वाढवणारी बाटली ओतली, कुणीतरी शपथेवर सांगितलं म्हणून टू-स्ट्रोक ऑइल ओतलं, आणि जाता जाता इंजिन ऑइलमध्येही ‘घर्षण कमी करणारं’ काहीतरी घालून घेतलं. प्रत्येक बाटलीनंतर दोन-चार दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटायची. पैसे मोजलेले असले की इंजिनाचा आवाजही कानाला मऊ लागतो.

हे सगळं चालू असताना टाकीत होतं काय? बायोडिझेलचं मिश्रण, साधारण २० टक्के, म्हणजे ज्याला बी-२० म्हणतात ते. शिवाय दोनदा तळणाचं वापरलेलं तेल, कापडातून गाळून डिझेलमध्ये मिसळलेलं. म्हणजे मी इंधन बदललं, त्याने त्रास सुरू झाला, आणि त्या त्रासावर इलाज म्हणून त्याच इंधनात आणखी तीन गोष्टी कालवल्या. शेवटच्या बाटलीपर्यंत बिघाड कशाचा आहे हे शोधायची वाट मीच बुजवून टाकली होती.

तेव्हा आधी बाटल्या बंद. टाकीत साधं, भरवशाच्या ठिकाणचं डिझेल भरा आणि एका वहीत लिहून काढा: त्रास सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत काय काय बदललं? इंधन भरण्याची जागा, मिश्रणाचं प्रमाण, फिल्टरची कंपनी, टाकीची दुरुस्ती, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली असेल तर तेही. हे कंटाळवाणं काम आहे, पण माझं उत्तर त्या पानावर आठ महिने आधीच पडलेलं होतं.

पहिला फिल्टर चोक झाला तर घाबरू नका, चौथा झाला तर थांबा

बायोडिझेल म्हणजे तेलाची किंवा चरबीची मिथेनॉलबरोबर रासायनिक प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळं काढून उरलेलं मिथाइल एस्टर. ते चांगलं द्रावक आहे. वर्षानुवर्षं साध्या डिझेलवर चाललेल्या गाडीच्या टाकीत आणि पाइपांत जो गाळ, जे वार्निश (जुन्या डिझेलचा सुकून बसलेला थर) असतं, ते बायोडिझेल सोडवून काढतं आणि सगळं पुढे फिल्टरवर आणून टाकतं. त्यामुळे मिश्रण सुरू केल्यावर पहिला फिल्टर लवकर भरला, दुसराही थोडा लवकर भरला, तर त्यात विशेष काही नाही. टाकी धुतली जातेय असं समजा. आधीच जादा फिल्टर घेऊन ठेवावेत आणि मिश्रण एकदम २० टक्क्यांवर न नेता पाचापासून चढवत न्यावं.

पण चौथ्या फिल्टरलाही तेच होत असेल तर जुना गाळ संपून काहीतरी नवीन तयार होतंय, किंवा गाळ असा कुठे तरी अडकलाय की तो संपतच नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे. कुठला आजार आहे ते फिल्टरच सांगतो, फक्त तो उघडावा लागतो.

फिल्टर कापताना

हॅकसॉने कापू नका. मी पहिला तसाच कापला आणि आत चमकणारे लोखंडाचे कण बघून रात्रभर झोप उडाली. पंप गेला असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ते कण माझ्याच पात्याचे होते. प्लंबर पाइप कापायला वापरतात तसं चाकाचं कटर मोठ्या आकारात मिळतं, किंवा ऑइल फिल्टर उघडायचं खास कटर मिळतं. त्याने डबा गोल फिरवत कापला की आत कचरा पडत नाही.

कापण्याआधी फिल्टर उभाच ठेवून आतलं डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत ओतून घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. मग आतला घड्यांचा कागद ब्लेडने वरपासून खालपर्यंत चिरा, दोन्ही टोकं धरून वर्तमानपत्रावर पंख्यासारखा पसरा आणि उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात.

माझ्या कागदावर घड्यांच्या तोंडाशी तपकिरी, चिकट लेप होता, गुळाच्या काकवीसारखा. बोटाला ओढला तर तार यायची. वास जुन्या, खवट तेलाचा. हा जुन्या झालेल्या, हवेशी संयोग पावलेल्या बायोडिझेलचा आणि तेलाचा राळेसारखा अंश. लेप काळा, बुळबुळीत, जेलीसारखा असेल आणि ओल्या गोधडीसारखा कुबट वास येत असेल, तर टाकीत बुरशी आणि जिवाणू वाढलेत. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवर ते राहतात, खातात डिझेल आणि पितात ते पाणी. लेप पांढरट, मेणासारखा असेल तर त्याचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धरा. वितळला आणि गार झाल्यावर पुन्हा गोठला, तर ते थंडीत सुटलेलं मेण आहे, किंवा बायोडिझेलमध्ये राहून गेलेले अर्धवट प्रक्रियेचे घटक. लालसर, खरखरीत कण म्हणजे टाकीचा गंज. आणि कटर नीट वापरूनही चुंबकाला चिकटणारी चमकदार भुकटी सापडली, तर डिझेल पुरवणारा पंप झिजू लागला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गाडी चालवत राहू नका.

एक काळा लेप मात्र फसवतो. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) गाडीत पंपातून आणि रेलमधून गरम होऊन परतलेलं डिझेल पुन्हा पुन्हा टाकीत येतं. त्या उष्णतेने डिझेलमधलेच जड घटक काळे होऊन फिल्टरवर बसतात. तो लेप काजळीसारखा पसरलेला असतो, त्याला ना बुळबुळीतपणा ना कुबट वास. तो दिसला म्हणून जिवाणू मारायचं औषध ओतायची गरज नाही.

दहा मिनिटं थांबल्यावर गाडी बरी का होते?

माझ्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता आणि मी तो विचारलाच नव्हता. फिल्टर पूर्ण चोक झाला असता तर थांबल्याने तो उघडला नसता. थांबल्यावर सुधारतं याचा अर्थ काहीतरी ओढीमुळे जागेवर चिकटतंय आणि ओढ थांबली की खाली पडतंय. असं होण्याची नेहमीची जागा: टाकीच्या आत, डिझेल उचलणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असलेली जाळी.

खात्री करायला कॅनची चाचणी करा. हिच्याइतकी स्वस्त आणि इतकी खरं बोलणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. झाकणाचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात ताजं डिझेल भरा, टाकीतून फिल्टरकडे जाणारी लाइन सोडवून तिच्या जागी कॅनमधून पाइप जोडा. परतीचा पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन कॅन रिकामा होईल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. कॅन टाकीच्याच उंचीवर, घट्ट बांधून ठेवा. वर टांगला तर डिझेल आपोआप खाली येतं आणि लाइन हवा घेत असली तरी ते झाकलं जातं. केबिनमध्ये तर कॅन ठेवूच नका. ही जोडणी करून चढावर वजन घेऊन एक फेरी मारा. गाडी ओढली तर दोष कॅनच्या मागे, म्हणजे टाकी, जाळी किंवा टाकीकडची लाइन. तरीही दम तुटला तर दोष पुढे: फिल्टर, पंप, नोझल, टर्बोचा पाइप, एअर फिल्टर.

फिल्टर आणि पंपामध्ये वीतभर पारदर्शक, डिझेल सोसणारा पाइप घातला तर आणखी कळतं. त्यात बुडबुडे दिसले की मिस्त्री लगेच म्हणतात, ‘लाइन एअर घेतेय, क्लिप बदला.’ अर्धं बरोबर. पण जाळी तुंबलेली असेल तर पंप इतकी ओढ लावतो की चांगल्या जोडातूनही हवा शिरते, आणि डिझेलमध्ये विरघळलेली हवाही बुडबुडे होऊन बाहेर पडते. माझ्या गाडीच्या सगळ्या क्लिपा दोनदा बदलून झाल्या होत्या. कॅन लावल्यावर त्याच क्लिपांवर एकही बुडबुडा दिसला नाही.

टाकी उतरवली. जाळीवर गाळ होताच, पण त्याहून मजेशीर म्हणजे टाकीच्या तळाशी नखाएवढे तपकिरी पापुद्रे तरंगत होते. टाकीच्या आतल्या भिंतीवर बसलेलं जुनं वार्निश बायोडिझेलने सोडवलं होतं. पूर्ण विरघळलं असतं तर फिल्टरमध्ये गेलं असतं. अर्धवट सुटलं, म्हणून पापुद्रे होऊन फिरत राहिलं. चढावर ओढ वाढली की दोन-चार पापुद्रे जाळीवर बसायचे, इंजिन बंद केलं की सुटून खाली. आणि बारीक झालेले पुढे जाऊन फिल्टर भरायचे. मी प्रत्येक वेळी फिल्टर बदलून ‘बरं झालं’ म्हणत होतो, कारण तोवर गाडी थांबलेली असायची आणि जाळी मोकळी झालेली असायची.

यावर कुठलं ॲडिटिव्ह चालणार होतं? क्लीनरने उलट आणखी पापुद्रे सुटले.

टाकी कशी साफ केली

टाकी रिकामी केली, तळाचं बूच काढून शेवटचा लिटरभर वेगळा बरणीत धरला, ताज्या डिझेलने तीनदा खळबळून काढली, आतून उजेड पाडून तळ बघितला, मग कोरडी केली. पाण्याने आणि साबणाने धुवायचा मोह टाळला, कारण कोपऱ्यात राहिलेलं चमचाभर पाणी पुढच्या बुरशीला पुरतं. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते घरी करू नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. टाकी ते फिल्टर लाइन उलट्या दिशेने हवा मारून साफ केली. परतीचा पाइपही केला, तो सगळेच विसरतात.

जुने रबरी पाइप बदलले. नैसर्गिक रबर आणि साधं नायट्राइल बायोडिझेलने फुगतं, मऊ होतं आणि आतून कुजतं. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, आतलं अस्तर मात्र काळ्या चुऱ्यासारखं फिल्टरमध्ये येत राहतं. फ्लोरोइलास्टोमरचे, म्हणजे व्हिटॉन नावाने मिळणारे पाइप आणि सील टिकतात. तांबं, पितळ आणि जस्त बायोडिझेलला लवकर खराब करतात, तेव्हा कुणी हौसेने तांब्याची लाइन घातली असेल तर तीही काढा. बुरशी सापडली असेल तर जिवाणूनाशक औषध टाकी साफ केल्यावर घाला, आधी नाही. आधी घातलं तर मेलेला सगळा थर सुटून फिल्टरवर येतो आणि तुम्ही म्हणाल औषधानेच गाडी बंद पाडली. ते हाताला लागू देऊ नका.

बायोडिझेल चांगलं आहे की नाही, हे ओतण्याआधी कळतं

माझा पुरवठादार दर वेळी वेगळ्या रंगाचं द्यायचा. रंगावरून काहीच ठरत नाही. एक घरगुती चाचणी आहे: २७ मिलीलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलीलिटर बायोडिझेल घाला, खोलीच्या तापमानाला हलवा, थोडा वेळ ठेवा. सगळं एकजीव आणि नितळ झालं तर प्रक्रिया बऱ्यापैकी पूर्ण झालीय. तळाशी तेलाचा थेंब बसला तर त्यात कच्चं तेल शिल्लक आहे. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून उघड्या हवेत, विस्तवापासून लांब, हातमोजे घालून करा. दुसरी चाचणी पाण्याची. बरणीत अर्धं पाणी, अर्धं बायोडिझेल, जोरात हलवा, अर्धा तास ठेवा. दोन स्वच्छ थर झाले तर ठीक. मधे मलईसारखा पांढरा थर राहिला तर त्यात साबण किंवा अर्धवट प्रक्रियेचं तेल आहे, ते टाकीत नको.

थंडीचंही बघा. पाम तेलापासूनचं बायोडिझेल १० अंशांच्या वरच, कधी कधी १५ अंशांच्या आसपासच धुरकट व्हायला लागतं, मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं शून्याच्या खालपर्यंत तग धरतं. न गोठू देणारं ॲडिटिव्ह धुरकट होण्याआधीच मिसळावं लागतं. एकदा मेण तयार झालं की ते ॲडिटिव्ह त्याला परत विरघळवत नाही. मग गाडी उबदार जागी नेणं किंवा फिल्टर गरम करणं एवढंच हातात उरतं.

बायोडिझेलमध्ये दर लिटरमागे ऊर्जा साधारण आठ टक्के कमी असते, म्हणून शुद्ध बायोडिझेलवर ओढ किंचित कमी वाटणं साहजिक आहे. बी-२० वर तो फरक दीड-दोन टक्क्यांवर येतो. चढावर दम तुटण्याचं खापर त्यावर फोडू नका.

आणि ते तळणाचं तेल

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी सांगतंच, ‘अहो, पहिलं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं.’ पहिलं नव्हे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो (Otto) नावाच्या कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं गेलं, ही गोष्ट मात्र खरी. स्वतः रुडॉल्फ डिझेल यांनी १९१२ मध्ये त्याची आठवण सांगितली आहे. पण त्या काळच्या इंजिनांत इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत फुंकलं जायचं. आजच्या नोझलच्या छिद्राचा व्यास एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. त्या आठवणीचा या नोझलला काही उपयोग नाही.

मूळ अडचण घट्टपणाची. ४० अंशांना डिझेलची स्निग्धता साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक, बायोडिझेलची ३.५ ते ५, आणि कच्च्या खाद्यतेलाची ३० ते ४०. म्हणजे जवळपास दहापट. फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे राहतात, पूर्ण जळत नाहीत, नोझलच्या तोंडाशी आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत कोळसा होऊन बसतात. रिंगा अडकल्या की न जळलेलं तेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ज्यांच्याकडे दोन टाक्यांची व्यवस्था आहे, म्हणजे डिझेलवर सुरू करून इंजिनाच्या गरम पाण्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवून मगच ते वापरतात आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येतात, त्यांची जुनी इंजिनं वर्षानुवर्षं चाललेली आहेत. माझ्यासारखं कापडातून गाळून थंडच ओतणारे लवकरच नोझल दाखवायला जातात. तळलेल्या तेलात पाणी आणि आम्लंही असतात, ती कापडातून गाळली जात नाहीत.

कॉमन रेल असेल तर हा प्रयोगच करू नका. तिथे दाब १,६०० ते २,५०० बार असतो आणि इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची. जुना यांत्रिक नोझल शे-दोनशे बारला उघडतो, तो बरंच सोसतो.

हिरवं डिझेल म्हणून विकलं जाणारं एचव्हीओ हे याहून वेगळं प्रकरण. ते तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवतात, त्यात एस्टर नसतात, सीटेन ७० च्या वर जातं आणि साठवायलाही ते उत्तम. फक्त त्यात ॲरोमॅटिक घटक जवळपास नसतात, त्यामुळे वर्षानुवर्षं साध्या डिझेलने फुगून बसलेले जुने रबरी सील आक्रसून पंप पाझरू शकतो. पंप ओला दिसला तर गोंधळू नका, सील बदला.

डिपस्टिक बघा, आजच

इंजिन ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात. वाढलं की खूश होतात. डिझेल गाडीत वाढलेलं तेल जास्त वाईट. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या अनेक गाड्या काजळी जाळायला एक्झॉस्ट तापवतात, त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं इंधन मारतात. त्यातलं काही लायनरवरून खाली उतरतं. साधं डिझेल गरम तेलातून बऱ्यापैकी उडून जातं. बायोडिझेल उकळायला जास्त तापमान लागतं, म्हणून ते तिथेच साचत जातं. खाद्यतेल आणखी वाईट: इंजिन ऑइलच्या उष्णतेत ते साखळ्या बांधून घट्ट होतं, आणि एका मर्यादेनंतर तेलाची अक्षरशः खीर होते. प्रेशर जातं, बेअरिंग जातात. पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचंच तेल श्वासाच्या पाइपातून ओढून पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही.

तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. मधे काळा डाग आणि भोवती रुंद, फिकट, पारदर्शक कडं दिसलं तर तेलात इंधन आहे. अशा वेळी तेल घट्ट करणारं ॲडिटिव्ह घालणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. तेल आणि फिल्टर बदला, आणि मिश्रण वापरत असाल तर बदलण्याचं अंतर निम्म्यावर आणा.

इंजिन ऑइलच्या इतर बाटल्यांबद्दल माझं मत कडवट आहे. चांगल्या डिझेल इंजिन ऑइलमध्ये वजनाने दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा ॲडिटिव्हचाच असतो: मळ सोडवणारे, मळ तरंगत ठेवणारे, झीज रोखणारे झिंक-फॉस्फरसचे, सगळे एकमेकांशी जुळवलेले. त्यात वरून आणखी ओतलं की जुळणी बिघडते. जास्तीचं झिंक-फॉस्फरस जळून राख होतं. ती राख डीपीएफमध्ये बसते आणि काजळीसारखी जाळता येत नाही. म्हणून तर त्या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात इंजिन-ट्रीटमेंट विकणाऱ्या अनेक कंपन्यांवर, झीज कमी होण्याचे दावे पुराव्याविना केल्याबद्दल कारवाई केली होती. धूर थांबवणारी बाटली म्हणजे घट्ट करणारं पॉलिमर, रिंगा झिजल्यात हे ती फक्त लपवते. इंजिन फ्लश जुन्या, मळकट इंजिनात सगळ्यात घातक: सुटलेला चिखल सम्पमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या, जाळीवर बसतो, आणि डिझेलच्या जाळीचं जे झालं तेच तेलाच्या जाळीचं होतं. फरक इतकाच की डिझेल न मिळालेलं इंजिन बंद पडतं, तेल न मिळालेलं जाम होतं.

मी अजूनही वापरतो ते

सीटेन वाढवणारं, थंडीत सुरू व्हायला त्रास असेल आणि हीटर प्लग ठणठणीत असतील तेव्हाच. ते बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घालायचं, जास्त घालून जास्त फायदा होत नाही. डिझेलच्या वंगणक्षमतेची काळजी वाटत असेल तर टू-स्ट्रोक ऑइलपेक्षा एक-दोन टक्के चांगलं बायोडिझेल जास्त काम करतं, आणि डीपीएफवाल्या गाडीत टू-स्ट्रोकची राख नको तो विषयच वेगळा. इंजेक्टर क्लीनर टाकी स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावर, कधीतरी. रॉकेल आणि पेट्रोल मिसळणं बंद: दोन्ही वंगण कमी करतात, आणि रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं. एक्झॉस्ट स्वच्छ करायला वापरतात ते ॲडब्लू हे ॲडिटिव्ह वाटतं पण ते पाण्यातलं ३२.५ टक्के युरिया आहे आणि त्याची टाकी वेगळी. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्लीसुद्धा फिरवू नका, टोइंगवाल्याला बोलवा.

टाकी साफ केल्यानंतरचा पहिला फिल्टर मी दोन हजार किलोमीटरवर, चांगला चालू असतानाच काढून कापला. तपकिरी लेप होता, पण पुसट, घड्यांच्या तोंडाशीच. दुसरा पाच हजारांवर कापला, त्यात कागद डिझेलच्याच रंगाचा होता. तिसरा अजून गाडीत आहे. टाकीत सध्या बी-५ आहे. तळणाच्या तेलाचा उरलेला कॅन मागच्या कोपऱ्यात पडलाय, त्याच्या तळाशी बोटभर गाळ साचलाय, कापडातून गाळलेल्याच तेलाचा.